घरातील रेल्वेची छायाचित्रे कशी वाचावीत

जुन्या छायाचित्रात आजोबा रुळांजवळ उभे असतील, तर प्रथम मागच्या डब्यावरील अक्षरे पाहावीत. ‘जी. आय. पी.’ असल्यास चित्र बहुधा १९५१ पूर्वीचे. त्या वर्षी मध्य रेल्वे अस्तित्वात आली. नंतर हात पाहावेत. पहार असेल तर ते गँगमन असण्याचा संभव अधिक. आपली माणसे त्याच कामावर का खिळून राहिली, हे बाबासाहेबांनी फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे अस्पृश्य कामगार परिषदेत उलगडून दाखविले. पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरचीही कामे करावी लागत. विटाळाच्या भयाने अस्पृश्यास ती जागा मिळत नसे. हे छायाचित्रात दिसत नाही, आजीला विचारावे लागते. आणि तेही लवकर. शेजारी उभा कोण, स्थानक कोणते, ते मागे पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे. शाई पुढे उतरते.