ब्रोकोलीची गोळी घ्यावी का?

प्रश्न : ब्रोकोलीत कर्करोग रोखणारं द्रव्य असतं असं वाचलं. आता त्याच्या गोळ्याही मिळतात. आमच्या घरी ब्रोकोलीला कुणी हात लावत नाही. आपल्या कोबी-मुळ्यात ते नसतं का? माहेरी कर्करोग होऊन गेलाय, म्हणून विचारते.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : त्या द्रव्याचं नाव सल्फोराफेन. गंमत अशी, की अखंड ब्रोकोलीत ते जवळजवळ नसतंच. तिथे असतं ग्लुकोराफॅनिन, आणि त्याच्यापासून वेगळं ठेवलेलं मायरोसिनेज नावाचं विकर. सुरी चालली किंवा दात लागला, की पेशी फुटतात, दोघांची गाठ पडते आणि सल्फोराफेन तयार होतं. झाडाने ही सोय केली ती पानं कुरतडणाऱ्या किड्यांसाठी. आपल्या तब्येतीची त्याला काही पडलेली नाही.

हा प्रकार तुम्ही घरी पाहिलेला आहे. अख्ख्या मोहरीला वास नसतो. तीच पाणी घालून फेसली, की झिणझिण्या थेट मस्तकात जातात. फोडणीत तडतडलेल्या मोहरीला मात्र तो झणका नसतो, कारण तापलेल्या तेलात विकर निकामी होतं. मोहरीतलं द्रव्य सल्फोराफेन नव्हे, पण त्याच घराण्यातलं. कोबी, फ्लॉवर, मुळा, नवलकोल ही सगळी त्याच कुळातली. प्रत्येकाचं द्रव्य थोडं निराळं. ब्रोकोलीचं नाव झालं, कारण तिच्यात ग्लुकोराफॅनिन भरपूर असतं.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल टॅलले यांच्या गटाने १९९२ मध्ये ब्रोकोलीतून सल्फोराफेन वेगळं काढलं. पुढे १९९७ मध्ये त्याच गटाला दिसलं, की ब्रोकोलीच्या तीन दिवसांच्या कोंबांत ग्लुकोराफॅनिन वाढलेल्या गड्ड्याच्या १० ते १०० पट असू शकतं. सल्फोराफेन पेशीत पोचलं की एनआरएफ-२ नावाचं, एरवी बांधून ठेवलेलं प्रथिन मोकळं होतं. ते केंद्रकात जाऊन विषारी पदार्थांचा निचरा करणाऱ्या विकरांची जनुकं जागी करतं. म्हणजे सल्फोराफेन स्वतः विष मारत नाही, शरीराच्याच यंत्रणेला कामाला लावतं.

माणसांवरचे सगळ्यात बोलके प्रयोग चीनमधल्या चिदोंगचे. यांगत्सेच्या मुखाजवळच्या या भागात यकृताचा कर्करोग फार. हेपटायटिस बी आणि बुरशी लागलेल्या धान्यातलं अफ्लाटॉक्सिन ही त्याची मोठी कारणं. शिवाय हवाही दूषित. तिथे २९१ जणांवर १२ आठवडे चाचणी झाली. त्यांतल्या एका गटाला ब्रोकोलीच्या कोंबांचं पेय दिलं. २०१४ मध्ये निष्कर्ष आले: पेय घेणाऱ्यांच्या लघवीतून बेंझिनचा निचरा ६१ टक्के जास्त होत होता. बेंझिन हे कर्करोगकारक आहे, तेव्हा ही बातमी चांगलीच. पण त्यात मोजला गेला तो निचरा, कर्करोगाचे रुग्ण नव्हेत. जाहिरातीत नेमकं हेच वाक्य गळतं.

गोळीबद्दल मी कचरतो ते बीटा-कॅरोटीनमुळे. गाजरातलं हे द्रव्य फुफ्फुसाच्या कर्करोगापासून वाचवेल, असं सगळ्यांनाच वाटत होतं. फिनलंडमध्ये २९,००० हून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल लागला: बीटा-कॅरोटीनची गोळी घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. गाजर खाणारे निर्धास्त, गोळी घेणारे गोत्यात! सल्फोराफेनचं असंच होईल असं नाही. पण एनआरएफ-२ दुधारी आहे. काही प्रकारच्या गाठींमध्ये ते कर्करोगाच्या पेशींनाच औषधांपासून वाचवतं. त्यामुळे केमोथेरपी चालू असलेल्या माणसाने अशी गोळी परस्पर सुरू करू नये.

तेव्हा ब्रोकोलीसाठी घरात भांडू नका. कोबीची पचडी, मुळ्याची कोशिंबीर कच्चीच असते, ते उत्तम. भाजी करायची तर कोबी चिरून थोडा वेळ तसाच ठेवा, म्हणजे विकराला काम करायला अवधी मिळतो. मग बेताची वाफ द्या. ब्रोकोली केलीच, तर शिजल्यावर वरून चिमूटभर मोहरीची पूड घाला. मोहरीतलं मायरोसिनेज उरलेलं काम करतं. आणि घरात कुणी मिश्री लावत असेल तर आधी ती सोडवा. तिच्यावर कोबीचा उतारा चालत नाही.

माहेरचं म्हणाल, तर कुणाला, कोणत्या वयात, कुठल्या अवयवाचा कर्करोग झाला हे कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या. तुमच्या तपासण्या कधी सुरू करायच्या, हे त्या कागदावरून ठरेल.