तुझ्या पर्समधल्या गोळ्या

मने, रागावू नकोस, सकाळी तू आंघोळीला गेलीस तेव्हा तुझी पर्स उघडली. सेफ्टी पिन हवी होती. पिन नाही मिळाली, गोळ्यांची तीन पाकिटं मिळाली. एक तापाचं, एक सर्दीचं, एक अंगदुखीचं. मागची बारीक अक्षरं वाचलीस कधी? मी चष्मा लावून वाचली. तिन्हींत पॅरासिटामॉल! तापाच्या गोळीत 650 मिलिग्रॅम, बाकी दोन्हींत 325.

आता परवाचा हिशेब. तापाच्या चार, सर्दीच्या तीन, अंगदुखीच्या तीन. झाले 4550. धडधाकट मोठ्या माणसालाही दिवसाला 4000 च्या वर जायचं नसतं, आणि तू तर ही एवढीशी. शिवाय दोन दिवस चहाबिस्किटांवर.

औषध वाईट नाही गं. बेताने घेतलं तर याच्याइतकं गरीब औषध शोधून सापडायचं नाही. यकृत त्याचा बराचसा भाग निमूट मार्गी लावतं. थोड्या भागाचं मात्र तिथेच एक जहाल द्रव्य बनतं. ग्लुटाथिओन त्याला लगेच थंड करतं, पण त्याचा साठा मोजका. गोळ्या वाढल्या, पोट रिकामं राहिलं की तो आटतो आणि ते द्रव्य यकृताच्याच पेशी मारायला लागतं.

त्यातून हे दुखणं लबाड. जास्त डोस झाला तर पहिल्या दिवशी मळमळ, उलटी. कधी तेवढंही नाही. दुसऱ्या दिवशी बरं वाटतं, माणूस म्हणतो सुटलो. कावीळ दिसते ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी. अ‍ॅसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे, पण एकदम खूप गोळ्या पोटात गेल्या असतील तर तो आठ तासांच्या आत मिळाला की खरा उपयोग. म्हणून काही होतंय का, याची वाट बघायची नसते.

आणि पाळीच्या दिवसांत उपाशीपोटी मेफेनॅमिक अ‍ॅसिड गिळतेस, तेही बघितलंय मी. कळा आणणारी प्रोस्टाग्लँडिन्स ती गोळी थांबवते. जठराचं अस्तर सांभाळणारीही तीच असतात. मग पोटात आग पडते, आणि तू मिसळीला नावं ठेवतेस.

सर्दीचं पाकीट मी काढून घेतलंय. वाहू दे नाक. संध्याकाळी डॉक्टरांकडे जाऊ, रक्त तपासायला सांगतील बहुतेक. तिन्ही पाकिटं दाखवायची, लाजायचं नाही. आईला मी सांगते.

आणि पिना कुठे ठेवतेस गं?