पहाटेची ती धून : लय, पट्टी आणि भाव

पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा विषय निघाला की, ‘ते आपल्याला कळत नाही’ असे म्हणून आपण मोकळे होतो. मुंबईच्या सभागृहातील ते संगीत पाचोऱ्यात कोण ऐकविणार, असेही आपण विचारतो. परंतु व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो यांनी तंबोऱ्याच्या साथीने वाजविलेली एक छोटी रचना आपल्या घराघरांतून वर्षानुवर्षे ऐकली गेली आहे. ती म्हणजे आकाशवाणीची सभा सुरू होण्यापूर्वी वाजणारी धून. चुलीवर चहाचे आधण ठेवावे आणि रेडिओतून ते सूर यावेत, हा कित्येक घरांचा नित्यक्रम होता. जी रचना आपल्याला पाठ आहे, ती कळत नाही असे कसे म्हणावे?

या धुनेचे श्रेय सामान्यतः वॉल्टर कॉफमन (१९०७–१९८४) यांना दिले जाते. बोहेमियात जन्मलेले हे ज्यू संगीतकार हिटलरच्या उदयानंतर, १९३४ साली मुंबईस आले. पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीत विभाग त्यांनी सांभाळला आणि १९४६ साली त्यांनी भारत सोडला. धून १९३६ च्या सुमाराची असून ती शिवरंजनी रागावर आधारलेली आहे.

प्रथम स्वर पाहू. पेटीवर पांढरी एक ‘सा’ धरून पांढऱ्या पट्ट्यांतील एक, दोन, तीन, पाच आणि सहा वाजवा. हा झाला प्रसन्न भूप. आता पांढरी तीन सोडून तिच्या डावीकडची काळी पट्टी दाबा. गंधार कोमल झाला, आणि भूपाचा शिवरंजनी झाला. एका स्वराच्या फरकाने खोलीतील उजेड कमी झाल्यासारखा वाटतो. पाश्चात्त्य संगीतात ‘की’ म्हणजे केवळ ‘सा’ची उंची नव्हे, तर त्याभोवतीचे स्वरकुटुंबही. कोमल गंधाराचे कुटुंब ‘मायनर’ म्हणून ओळखले जाते. येथे मात्र धैवत शुद्ध आहे, त्यामुळे काळोख पूर्ण दाटत नाही. शिवाय निषाद वर्ज्य आहे. शुद्ध निषाद वरच्या षड्जाच्या अगदी उंबरठ्यावर उभा असतो आणि आत येण्याची घाई करतो. तोच नसल्यामुळे सुरावटीला घाई उरत नाही.

पण भाव केवळ स्वरांनी ठरतो काय? तसे म्हणता येत नाही. ‘सूरज’ (१९६६) चित्रपटातील जे गाणे लग्नाच्या वरातीत बँडवाले हमखास वाजवितात, ते शिवरंजनीतलेच. ‘मेरा नाम जोकर’ (१९७०) मधील मुकेशने गायलेले व्याकूळ गीतही शिवरंजनीतलेच. दोन्हींचे संगीतकार शंकर-जयकिशन. राग तोच असूनही एक गाणे नाचविते आणि दुसरे रडविते. हा फरक मुख्यतः लयीचा व स्वर लावण्याच्या पद्धतीचा.

धुनेची लय संथ आहे. तबला नाही, ठेका नाही. स्वर लांबविले जातात आणि दोन वाक्यांमध्ये श्वास घेण्याइतकी जागा सोडली जाते. मात्र ती विरहगीताप्रमाणे हुंदका देत नाही. म्हणून तिच्यातून दुःखापेक्षा प्रतीक्षेचा भाव जाणवतो. अजून उजाडलेले नाही, पण उजाडणार आहे, हा तो भाव.

तिसरी गोष्ट आधारस्वराची. पाश्चात्त्य रचना अनेकदा मध्येच पट्टी बदलते, म्हणजे घर सोडून प्रवासाला निघते. येथे तंबोरा अखंड वाजत असल्याने ‘सा’ हलत नाही. वाद्ये बहुतांशी परकी, तरी घर आपले. दोन संगीतपरंपरांनी आपापला आग्रह थोडा सोडला, तेव्हा ही शांतता निर्माण झाली.

कॉफमन यांनाही भारतीय संगीत प्रथम ऐकले तेव्हा परके आणि अनाकलनीय वाटले होते. पण इतक्या लोकांना ते प्रिय असेल तर उणीव आपल्यातच असली पाहिजे, असा विचार करून त्यांनी ते पुनःपुन्हा ऐकले. पुढे उत्तर भारतीय रागांवर त्यांनी ग्रंथ लिहिला. तो १९६८ साली प्रसिद्ध झाला.

‘कळत नाही’ या शब्दांनी त्यांनी दार लावून घेतले नाही. आपणही लावू नये. पुढच्या वेळी कोणतीही अपरिचित वाद्यरचना कानी पडली, तर तीन प्रश्न स्वतःस विचारावेत : घर कोणत्या स्वरावर आहे, गंधार कोणता आहे आणि चाल किती संथ आहे? उत्तरे पुस्तकात नव्हे, आपल्याच कानात सापडतील.