लेकराचा दमा

बाजरीची मळणी सुरू होते. खळ्यावर भुसा उडतो. अशा दिवसांत काही घरांतून पहाटे खोकल्याची उबळ ऐकू येते. लेकरू उठून बसते. त्याची छाती सूं सूं वाजते. दिवस वर आला की तेच लेकरू खेळायला पळते. घरचे म्हणतात, "पडसे आहे, जाईल." महिन्याभराने पुन्हा तेच. हा दमा असू शकतो.

आपण घेतलेली हवा छातीतल्या नळ्यांतून आत जाते. झाडाच्या फांद्यांसारख्या या नळ्या पुढे पुढे बारीक होतात. दमा असलेल्या मुलाच्या नळ्या आतून सुजलेल्या असतात. धूळ, चुलीचा धूर, विडीचा धूर, भुसा, साधे पडसे, एवढ्यानेही त्या आवळतात. आत चिकट कफ साठतो. मग श्वास सोडताना शिटी वाजते.

धूळ तर सगळ्याच पोरांच्या नाकात जाते. मग यालाच त्रास का? आपल्या अंगात रोगाशी लढणारा एक राखणदार असतो. तो चोराला हाकलतो. पण काहींचा राखणदार वाटसरूवरही काठी उगारतो. यालाच ॲलर्जी म्हणतात. हे नाव व्हिएन्ना शहरातील फॉन पिर्के या मुलांच्या डॉक्टरांनी १९०६ साली दिले. आपला जुना शब्द आहे वावडे. आईबापांना दमा किंवा इसब असेल, तर मुलाला दमा होण्याचा संभव जास्त. पण दमा शिवल्याने होत नाही. त्या पोराला खुशाल सगळ्यांच्या पंगतीत बसवावे.

डॉक्टर दमा ओळखतात तो मुख्यतः विचारपूस करून. नुसत्या रक्ताच्या तपासणीने तो ठरत नाही. म्हणून आईने वहीत टिपून ठेवावे. खोकला कोणत्या तारखेला आला? रात्री की दिवसा? त्या दिवशी पोर कुठे खेळले? आता आपल्याला लिहिता येते. त्या अक्षरांचा याहून चांगला उपयोग आम्हांला तरी सुचत नाही. पाच-सहा वर्षांवरच्या मुलाला डॉक्टर एका नळीत जोराने फुंकायला लावतात. मग औषध देऊन पुन्हा फुंकायला लावतात. दुसऱ्या वेळी फुंक बरीच वाढली, तर दम्याचा संशय पक्का होतो. मात्र प्रत्येक खोकला दम्याचा नसतो. दोन आठवड्यांवर खोकला टिकला, ताप येत राहिला, वजन घटले, तर क्षयाची तपासणी करून घ्यावी.

औषध ओढायच्या पंपातून देतात. पंप दोन तऱ्हेचे. एक मदतीचा. तो आवळलेल्या नळ्या लगेच सैल करतो. दुसरा रोजचा. तो सूज हळूहळू उतरवतो. लोक चुकतात ते इथेच. पोर हसूखेळू लागले की रोजचा पंप फडताळात जातो. छप्पर शाकारल्यावर घरात गळत नाही, म्हणून कोणी छप्पर काढतो का? पंप कधी कमी करायचा, ते डॉक्टरांनी सांगावे.

एक आजी आम्हांला म्हणाल्या, "गुरुजी, पंपाची सवय लागते म्हणतात."

आम्ही म्हटले, "आजी, भाकरी रोज लागते. तिला कुणी व्यसन म्हणते का?"

पंपातले औषध अगदी थोडे असते आणि थेट नळ्यांत जाते.

लहान मुलाला पंप स्पेसर नावाच्या नळकांड्यातून द्यावा. अगदी लहान असेल तर त्याला तोंडावरचा मास्क जोडावा. पंप हलवावा. एक वेळ दाबावा. मुलाला पाच-सहा श्वास सावकाश घेऊ द्यावेत. दुसऱ्यांदा द्यायचा असेल तर पुन्हा हलवून द्यावा. रोजच्या पंपानंतर चूळ भरायला लावावी.

छातीवर डाग देणे, बिब्बा घालणे याने नळ्या सैल होत नाहीत. पोर भाजते आणि वेळ जातो.

श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, पोराला धड बोलता किंवा पाणी पिता येत नाही, ओठ निळे पडतात, असे दिसले तर उजाडण्याची वाट पाहू नये. पोराला बसते ठेवावे. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मदतीचा पंप द्यावा. १०८ क्रमांकावर फोन करून गाडी बोलवावी. गाडीला उशीर होत असेल, तर मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठावा. वाटेतही पंप देत राहावा. वही सोबत घ्यावी.