पित्त उठले म्हणून थांबू नका

गटारालगतची झुडपे तोडताना आमच्या वस्तीतल्या एका कामगार भावाला गांधीलमाशा चावल्या. थोड्याच वेळात त्याच्या अंगभर पित्त उठले. आम्ही शेजारी जमलो. कोणी आमसुलाचे पाणी चोळले, कोणी चुना लावला. तेवढ्यात त्याचे ओठ सुजले, आवाज घोगरा झाला आणि धाप लागली. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आम्ही त्याला नेले, तर वाटेतच त्याची शुद्ध हरपली. दवाखान्यात मांडीत इंजेक्शन मिळाले म्हणून तो वाचला. आम्ही वेळ घालवला, शिवाय त्याला बसवून नेले, या दोन चुका डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितल्या. त्या आपल्यापैकी कोणाच्या घरी होऊ नयेत, म्हणून हा धडा.

हे काय असते?

शरीराची संरक्षणव्यवस्था एखाद्या पदार्थाला शत्रू समजते आणि सगळ्या शरीरात एकदम खवळते. रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब कोसळतो, श्वासनलिका आवळते. या तीव्र अ‍ॅलर्जीला डॉक्टर अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. मधमाशी किंवा गांधीलमाशीचा दंश, पेनिसिलीनसारखी औषधे, दुखण्यावरच्या काही गोळ्या व इंजेक्शने, शेंगदाणे, अंडी, दूध, मासे, कोळंबी ही नेहमीची कारणे. आधी कधी त्रास झाला नाही, म्हणून आता होणार नाही असे नसते.

कसे ओळखावे?

दंश, औषध किंवा खाण्यानंतर काही मिनिटांत, क्वचित एक-दोन तासांत, पुढील त्रास दिसतात :

- त्वचा : पित्त उठणे, खाज, ओठ-जीभ-डोळे सुजणे
- श्वास : धाप, छातीत शिट्टीसारखा आवाज, घसा आवळणे, आवाज बसणे
- पोट : वारंवार उलटी, जोराची कळ
- रक्तदाब : चक्कर, अंग गार पडणे, शुद्ध हरपणे

नुसते पित्त उठले तर बहुधा जिवाला धोका नसतो. पण लक्ष ठेवावे. पित्ताबरोबर श्वासाचा त्रास, चक्कर किंवा वारंवार उलट्या सुरू झाल्या तर तो जिवाशी खेळ आहे. काही रुग्णांना पित्त उठतच नाही. दंश किंवा इंजेक्शननंतर एकदम धाप लागली किंवा रुग्ण कोसळला, तरी हीच शंका घ्यावी. सुईच्या भीतीने आलेली भोवळ वेगळी : आडवे केल्यावर माणूस लवकर सावरतो, त्याला धाप किंवा सूज नसते.

लगेच काय करावे?

1. 108 ला फोन करा. गाडीला उशीर होणार असेल तर मिळेल त्या चारचाकीने न्या.
2. रुग्णाला आडवे झोपवा, पाय उंच ठेवा. धाप जास्त असेल तर टेकवून बसवा. उलटी होत असेल किंवा शुद्ध नसेल तर कुशीवर वळवा. गरोदर बाईला डाव्या कुशीवर झोपवा.
3. उभे करू नका, चालवू नका. बरे वाटले तरी एकदम उठवू नका.
4. मधमाशीचा काटा रुतला असेल तर लगेच काढा.
5. तोंडाने पाणी, काढा काही देऊ नका.

खरे औषध एकच

अ‍ॅड्रेनालिन. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत देतात. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मुलांना वजनाप्रमाणे. फरक पडला नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा देता येते. हे काम डॉक्टर-नर्सचे. सेटिरिझिनची गोळी खाज कमी करते, पण आवळलेला श्वास मोकळा करत नाही. म्हणून दवाखान्यात शिरतानाच सांगा : "याला अमुक चावले, पित्त उठले आहे, श्वास लागतो आहे. अ‍ॅड्रेनालिन द्यायचे का?" विचारायला संकोच करू नका. विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे.

नंतरची काळजी

बरे वाटले तरी काही तास दवाखान्यातच थांबा. त्रास उलटून येऊ शकतो. कशाची अ‍ॅलर्जी आहे ते डॉक्टरांकडून केसपेपरवर लाल शाईने लिहून घ्या, त्याचा कागद पाकिटात ठेवा आणि दरवेळी इंजेक्शनआधी दाखवा. लसीकरणानंतर अर्धा तास बसवून ठेवतात तेही याचसाठी. घाईने बाळाला घेऊन निघू नका.

आमचा तो भाऊ आज कामावर जातो. त्याच्या खिशात तो कागद असतो. आपल्या घरात कोणाला असा त्रास झाला असेल, तर असा कागद आजच करून घ्या.