व्यसन सोडवताना माणूस तोडू नका : कष्टकरी पालक आणि तंबाखू



31 मे, म्हणजे जागतिक तंबाखूविरोधी दिन. त्या निमित्ताने आपण मुलांकडून घोषवाक्यं लिहून घेतो, चित्रं काढून घेतो. पण ज्या घरात आई सकाळी मिश्री लावते, वडील विटा वाहताना मळलेली तंबाखू दाढेत धरतात आणि आजोबा विडी ओढतात, त्या घरापर्यंत आपला धडा पोहोचतो का? आजचा पाठ त्या घरांसाठी.

आधी परिस्थिती समजून घेऊ

2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात 26.6 टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. त्यात विडी-सिगारेट ओढणारे 3.8 टक्के, तर तंबाखू खाणारे किंवा लावणारे 24.4 टक्के होते. म्हणून नुसतं सिगारेटचं चित्र दाखवून भागत नाही. मिश्री हीसुद्धा भाजलेली तंबाखूच आहे, हे अनेक घरांत माहीतच नसतं.

गरिबाला सोडणं जास्त अवघड का जातं?

1. तंबाखूने भूक मरते आणि थकवा थोडा वेळ जाणवत नाही. अर्धपोटी राबणाऱ्याला ती आधार वाटते.
2. कामावर विश्रांती म्हणजे विडी किंवा तंबाखूचा विडा. तो नाकारला की माणूस सोबत्यांत एकटा पडतो.
3. दवाखान्यात जायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडते.
4. सल्ला बहुतेक वेळा अपमानासारखा मिळतो. "तुम्हाला कळत नाही का?" असं विचारल्यावर माणूस गप्प बसतो आणि पुन्हा शाळेकडे फिरकत नाही. त्यात नुकसान मुलाचं होतं.

सोलापूरसारख्या ठिकाणी अनेक आया विड्या वळून घर चालवतात. तिथे वर्गात बोलताना जपून बोला. विडी वाईट आहे हे सांगावं, पण आईच्या कष्टाची लाज मुलाला वाटू देऊ नये.

मग मदत कशी करायची?

- उपदेशाआधी विचारा. "दिवसात पहिली विडी कधी लागते? कधी सोडून पाहिली होती का?" बहुतेकांनी एकदा तरी प्रयत्न केलेला असतो. तिथूनच बोलणं सुरू करा.
- हिशेब त्यांनाच करू द्या. रोज 15 रुपये धरले तर महिन्याचे 450 आणि वर्षाचे 5475. हा चौथीचा गुणाकार आहे, पण घरातल्या माणसाने स्वतः केला की तो पटतो.
- पहिल्या दिवसांची कल्पना द्या. चिडचिड, डोकं दुखणं, झोप न लागणं हे पहिल्या आठवड्यात जास्त असतं. पुढे तीन-चार आठवड्यांत बहुतेक ओसरतं. हे आधी माहीत असलं की माणूस घाबरत नाही आणि घरचेही सांभाळून घेतात.
- तल्लफ काही मिनिटांची असते. तेवढ्या वेळात पाणी प्यावं, बडीशेप किंवा लवंग चघळावी, जरा चालून यावं. सुपारी मात्र देऊ नका, तिच्यानेही तोंडाचा कर्करोग होतो.
- मोफत मदत सांगा. 1800-11-2356 ही तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. फोनला पैसे पडत नाहीत. निकोटिनच्या गोळ्यांबद्दल सरकारी दवाखान्यात विचारता येतं.
- पुन्हा सुरू झाली तरी बोलणं थांबवू नका. अनेकांना दोन-चार प्रयत्न लागतात.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसत असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, किंवा तोंड कमी उघडत असेल, तर लगेच दवाखान्यात पाठवा.

मुलांची भूमिका

मुलाला बापावर पाळत ठेवायला सांगू नका. त्या घरात मार बसला तर तो मुलालाच बसतो. पण एक गोष्ट प्रत्येक पालकाकडे जरूर मागा : "पुडी आणायला मुलाला दुकानात पाठवू नका." 18 वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणं गुन्हा आहेच, शिवाय ती पुडी हातात घेतानाच मुलाची तंबाखूशी ओळख होते. ज्यांना आज व्यसन सोडवत नाही, असे पालकही एवढं नक्की करू शकतात. पहिलं पाऊल म्हणून तेही थोडं नाही.

उपक्रम : पुढच्या पालकसभेत भाषण ठेवू नका. ज्या पालकाने तंबाखू सोडली आहे, त्याची तयारी असेल तर त्यालाच पाच मिनिटं बोलू द्या. गावातल्या माणसाचं बोलणं गावाला लवकर पटतं.