हिवाळी पहाट, सायकल आणि तापमानाचा पाठ

उंच जावे तसतशी हवा थंड होत जाते, हे विधान आपल्या शाळांतून प्रतिवर्षी शिकविले जाते, आणि ते खरेही आहे. दर १,००० मीटर उंचीस तापमान सरासरीने सुमारे ६.५ अंश सेल्सिअस उतरते. तथापि आपल्या जिल्ह्यात हिवाळ्यातील निरभ्र, निवांत पहाटे याच्या अगदी उलट प्रकार घडत असतो. खेड्यातील मुलांना तो अनुभवाने ठाऊक असतो. शिक्षकाच्या ध्यानी मात्र पुष्कळदा येत नाही.

एका शाळेच्या तपासणीत इयत्ता पाचवीची एक उत्तरपत्रिका माझ्या पाहण्यात आली. अधिक थंडी कोठे असते, या प्रश्नास मुलाने लिहिले होते : ‘आमच्या ओढ्याकाठच्या वस्तीवर. माळावर कमी असते.’ त्यावर तांबड्या शाईची फुली होती. हा मुलगा शनिवारच्या सकाळच्या शाळेस वस्तीवरून सायकलने येत असे. म्हणजे ज्याने ती थंडी अंगावर घेतली, त्याचेच म्हणणे चूक ठरले होते. ती फुली मला अस्वस्थ करून गेली. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवीत असलेल्या एका स्नेह्यांस मी हे सांगितले. ते म्हणाले, “आपण वाद कशास घालावा? डिसेंबरात सायकली काढू आणि तापमापक बरोबर घेऊ.”

त्याप्रमाणे आम्ही दोघे एका पहाटे अंधारातच नगरहून पिंपळगाव माळवीच्या रस्त्याने डोंगरगणकडे निघालो. अंतर १५-१६ किलोमीटरचे. अंगात स्वेटर, डोक्यास कानटोपी, सायकलींना पुढे दिवा व मागे तांबडी काच. एवढे असूनही पहिल्या काही मिनिटांतच बोटे बधिर झाली. हँडलच्या लोखंडास हात लागला की चटका बसावा तसे होई. रबरी मुठीस तसे होत नसे. स्नेह्यांनी तेथेच पहिला प्रश्न टाकला : लोखंड मुठीपेक्षा अधिक थंड आहे काय? नाही. रात्रभर एकाच ओसरीत उभ्या असलेल्या सायकलीचे लोखंड व रबर सारख्याच तापमानाचे असतात. लोखंड हातातील उष्णता झपाट्याने ओढून नेते, रबर सावकाश नेते, इतकाच भेद. आपली त्वचा तापमान मोजीत नसून उष्णता किती वेगाने जाते हे मोजीत असते. उष्णतावहनाचा पाठ देण्यास याहून सोपे साधन नाही, आणि ते आज बहुतेक प्रत्येक शाळेच्या आवारात उभे असते.

वाटेत एका ओढ्याच्या खोलगट भागात रस्ता उतरला आणि तोंडावर गार पाण्याचा सपकारा बसावा तशी थंडी लागली. मुलाचे म्हणणे सिद्ध झाले, असे मी लागलीच म्हणालो. स्नेह्यांनी ते मान्य केले नाही. उतारावर सायकलीचा वेग वाढतो, म्हणजे अंगावरून वारा अधिक वाहतो; ८ अंश तापमानात ताशी १६ किलोमीटर वेगाचा वारा लागला, तर उघड्या कातडीस ती थंडी ५ अंशांसारखी भासते. उलट चढावर वेग मंदावतो आणि पायंडल मारून शरीर आतून तापते. तेव्हा खोलगट थंड व माथा उबदार हे केवळ सायकलीमुळेही वाटू शकते. त्यांचा आक्षेप रास्त होता. म्हणून आम्ही ओढ्याशी सायकली उभ्या केल्या, तापमापक कमरेइतक्या उंचीवर एका काठीस टांगला, आणि दहा मिनिटे थांबून नोंद घेतली. पुढे चढ संपल्यावर माथ्यावर, सूर्य उगवण्यापूर्वीच, त्याच तापमापकाने त्याच रीतीने दुसरी नोंद घेतली. पारा सुमारे ३ अंशांनी वर होता.

खाली वळून पाहिले, तो कारणही डोळ्यांना दिसत होते. वाडीतील चुलींचा धूर थोडासा वर चढून मग आडवा पसरला होता, जणू वर कोणी छत घातले आहे. रात्री आकाश निरभ्र असले, हवा कोरडी असली व वारा पडलेला असला की जमीन आपली उष्णता अवकाशात सोडून झपाट्याने निवते. तिला लागून असलेली हवा निवते, जड होते आणि उतारावरून पाण्यासारखी ओघळत खोलगटात साचते. तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो. धूर तेथवर पोहोचून थबकतो. भूगोलात यास तापमानाची विपरीतता म्हणतात. आपला जिल्हा समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत व पठारावर असल्याने हिवाळ्यात या गोष्टी येथे सहज जुळून येतात. राज्यातील नीचांकी तापमानांच्या बातम्यांत अहिल्यानगरचे नाव वारंवार येते, त्याचे हे एक कारण होय.

शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील निफाड ६०० मीटरपेक्षाही कमी उंचीवर आहे. महाबळेश्वर १,३०० मीटरांहून अधिक उंच. तरी थंडीच्या लाटेत निफाडचा पारा महाबळेश्वरच्या खाली जातो. डिसेंबर २०१८ मध्ये तो २ अंशांच्याही खाली गेला होता. खुद्द महाबळेश्वरीही दव गोठते ते प्रामुख्याने वेण्णा तलावाच्या सखल परिसरात. द्राक्षबागायतदारास हे पुस्तकावाचून कळते. लाट आली की तो पहाटे बागेत शेकोट्या करून धूर धरतो, पाणी सोडतो. ओढ्याकाठचा हरभरा किंवा भाजीपाला गारठ्याने आधी का करपतो, हेही मुलांकडूनच विचारून घ्यावे.

हा पाठ शाळेत घेण्यास सायकल-सहलच काढली पाहिजे असे नाही. लहान मुलांना अंधारात रहदारीच्या रस्त्यावर तर मुळीच नेऊ नये. गावातील एक उंच व एक सखल जागा निवडावी. तेथे राहणाऱ्या मुलांकडे, घरच्या वडीलधाऱ्या मंडळींच्या देखरेखीखाली, सूर्योदयापूर्वी नोंद घेण्याचे काम द्यावे. दोन तापमापक वापरावयाचे असल्यास आदल्या दिवशी ते एकाच बादलीतील पाण्यात धरून सारखे दाखवितात की नाही ते पाहावे. न दाखवितील तर फरक लिहून ठेवावा. तापमापक भिंतीस, पत्र्यास किंवा चुलीजवळ टांगू नये. विहिरीच्या वा तळ्याच्या अगदी काठीही नको, कारण पाणी रात्री जमिनीइतके लवकर निवत नाही. पहाटे तळ्यावर वाफ दिसते ती याचमुळे. मुलांनी नोंदीपुढे आकाश व वारा यांविषयी एकेक शब्द लिहावा. ढगाळ किंवा वाऱ्याच्या पहाटे हा फरक बहुधा नाहीसा होतो. त्या दिवशीचे आकडे ‘चुकले’ म्हणून खोडू देऊ नयेत.

परीक्षेतील प्रश्नही थोडा बदलावा लागेल. ‘अधिक थंडी कोठे असते?’ एवढेच न विचारता ‘केव्हा, कशा हवेत व कोठे?’ असे विचारावे. ज्या मुलाच्या कागदावर ती फुली होती, त्याच्या वर्गशिक्षकांस मी आमच्या दोन्ही नोंदी दाखविल्या. त्यांनी उत्तरपत्रिका मागवून घेतली आणि त्या मुलास ओढ्याकाठच्या नोंदी ठेवण्यास सांगितले. तापमापक शाळेत एकच होता. तो त्यांनी त्याच्या स्वाधीन केला.